गुलाश, चॉप सुई की जॉनी मार्झेटी?
एकानं विचारलंय की अमेरिकन गुलाश आणि अमेरिकन चॉप सुई या दोन पदार्थांत फरक काय. खरं तर फारसा नाहीच. दोन्हींत एल्बो मॅकरोनी (कोपरासारखा वाकलेला, पोकळ पास्ता), बीफचा खिमा, कांदा, टोमॅटो. अमेरिकेच्या मिडवेस्टात (मध्य-उत्तर भागात) त्याला गुलाश म्हणतात, न्यू इंग्लंडात (ईशान्य टोकाच्या राज्यांत) चॉप सुई. चीज घालून ओव्हनमध्ये भाजलं की मिडवेस्टातल्याच ओहायो राज्यात ते जॉनी मार्झेटी, हे नाव तिथल्या कोलंबस शहरातलं. हंगेरीच्या गुलाशात मात्र मांसाचे तुकडे, भरपूर पाप्रिका (लाल मिरचीची पूड) आणि पातळ रस्सा, मॅकरोनी नाही.

न्यू इंग्लंडातल्या मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या शेजारच्या आजी चॉप सुईत भोपळी मिरची घालतात. मॅकरोनी वेगळी उकडतात आणि जराशी कच्ची असतानाच उपसतात, मग ती पातेल्यात टोमॅटोचा रस पिऊन फुगते. त्यांची ओहायोची सून मॅकरोनी थेट खिम्यातच शिजवते, त्यामुळे रस दाट होतो. मला आजींचंच आवडतं, आणि दुसऱ्या दिवशी गरम केलेलं तर जास्तच.

एकदा मी आलं-लसूण आणि थोडा गरम मसाला घालून केलं. आजींनी दोनदा वाढून घेतलं, पण म्हणाल्या, "छान झालंय, पण ही चॉप सुई नव्हे." पटलं मला.

तुमच्यापैकी कुणाच्या गावात याला स्लमगलियन म्हणतात का? त्यात काय काय घालतात, जरूर लिहा.