पहिल्या करारातला वेगवान गोलंदाज: चेंडूंचा हिशोब कुणी ठेवायचा?

नवा_चेंडू:
एका १८ वर्षांच्या उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाबद्दल विचारतोय. नुकताच पहिला व्यावसायिक करार झालाय. आता तो तीन ठिकाणी खेळतो: क्लब, १९ वर्षांखालचा संघ आणि मुख्य संघाबरोबर राखीव म्हणून. तिन्हीकडे प्रशिक्षक वेगळे आणि प्रत्येकाला वाटतं की पोरगा ताजातवाना आहे.

गेल्या चार आठवड्यांतले सामना आणि नेट मिळून चेंडू: १२०, १३०, ६०, ०. शून्याच्या आठवड्यात मुख्य संघाबरोबर फिरला, पण चेंडू हातात मिळाला नाही. येत्या आठवड्यात चार दिवसांचा सामना आहे आणि त्याच्याकडून ३० षटकांची अपेक्षा आहे. खेळवावं का? आणि पुढे हा हिशोब ठेवायचा कसा?

थर्डमॅन:
आधी आकडे नीट मांडू. चार आठवड्यांची बेरीज ३१०, सरासरी ७७-७८. ३० षटकं म्हणजे १८० चेंडू. शिवाय खेळ सुरू होण्याआधी बाजूच्या खेळपट्टीवर रोज १५ तरी टाकणार, तीन दिवसांचे ४५. नो-बॉल आणि वाइड षटकांत धरले जात नाहीत, पण पाठीवर त्यांचा भार तेवढाच पडतो. म्हणजे सव्वादोनशेच्या वर. सरासरीच्या जवळपास तिप्पट. वेगवान गोलंदाजांवरच्या २०१४च्या एका अभ्यासात एका आठवड्याचा भार चार आठवड्यांच्या सरासरीच्या दुपटीवर गेला की पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका बराच वाढलेला दिसला होता. ३० षटकं नकोतच.

याचा अर्थ त्याला घरी बसवा असा नाही. कमी टाकणंही धोक्याचं असतं, हे बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या प्रथम श्रेणीच्या गोलंदाजांवरच्या २००३च्या अभ्यासात आठवड्याला सरासरी १२३ ते १८८ चेंडू टाकणारे सर्वांत सुरक्षित निघाले. त्याहून जास्त टाकणारे आणि त्याहून कमी टाकणारे, दोघांचाही धोका वाढलेला. ते आकडे मोठ्या माणसांचे, १८ वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावू नका. दिशा कळण्यापुरते घ्या.

माझ्या मते या सामन्यासाठी असं करा:

चार दिवस आधी ३६ चेंडू, पूर्ण रनअप, सामन्याचा वेग. दुसऱ्या दिवशी विश्रांती. दोन दिवस आधी ३०. आदल्या दिवशी हवे तर १२, तेही हलके. सामन्यात सलग ५ षटकांचे स्पेल, दिवसाला १४च्या वर नाही आणि दोन्ही डाव मिळून २२ ते २४ षटकं. तरी हा आठवडा त्याच्यासाठी मोठाच आहे, पण त्यात थोडं नियंत्रण आहे. कर्णधाराला हे नाणेफेकीच्या आधी सांगा. शेवटची जोडी चिकटून बसली की कुणालाही दिलेला शब्द आठवत नाही.

इंग्लंडच्या बोर्डाने १८ आणि १९ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांसाठी बरीच वर्षं वापरलेली मर्यादा सलग ७ षटकं आणि दिवसाला १८ अशी आहे. स्पेल जितक्या षटकांचा, तितकीच षटकं त्याच टोकाकडून दुसऱ्यांनी टाकल्याशिवाय तो परत येत नाही. म्हणजे ५ षटकांच्या स्पेलनंतर मैदानावर साधारण १० षटकांची विश्रांती. तुमच्याकडे असा नियम नसला तरी तसंच वागायला कुणाची हरकत नसावी.

आणि सामन्यानंतरचा आठवडा परत शून्यावर नेऊ नका. दोन दिवस पूर्ण आराम, मग ९०-१०० चेंडूंचा आठवडा. ही मुलं मोडतात ती बहुतेक वेळा अशाच वरखाली चढउतारांत.

उजवी_यष्टी:
थर्डमॅन यांच्या योजनेशी सहमत, पण त्या गुणोत्तराला (एका आठवड्याचा भार चार आठवड्यांच्या सरासरीच्या किती पट) देव मानू नका. पाया छोटा असला की ते वेड्यासारखं उडतं. आठवड्याला ३० टाकणारा ६० वर गेला तरी 'दुप्पट' होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. उलट दर आठवड्याला २४० टाकणाऱ्याचं गुणोत्तर छान एकच्या आसपास राहतं, आणि १८ वर्षांच्या पाठीला ते परवडणारं नसतं. एकूण आकडा, झालेली उडी आणि सलग किती दिवस टाकली, तिन्ही एकत्र बघा. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नको, सात दिवसांत चारपेक्षा जास्त नको. चार दिवसांच्या सामन्यात हे आपोआप जमत नाही, त्यासाठी मधल्या एका दिवशी त्याला क्षेत्ररक्षणावरच ठेवायची तयारी लागते.

दुसरं म्हणजे उशीर. एका सामन्यात ५० हून जास्त षटकं टाकणाऱ्यांत दुखापतीचा धोका पुढचे २१ दिवस वाढलेला असतो, असं ऑस्ट्रेलियातल्या नोंदींतून दिसलंय. म्हणून 'सामना झाला, पोरगं ठणठणीत आहे' याला पहिल्या आठवड्यात फारसा अर्थ नाही. तीन-चार आठवड्यांनी दुखलं की सगळे कालच्या नेटला दोष देतात.

हिशोबाची वही मुलाकडेच असू द्या. तिन्ही प्रशिक्षकांकडे एकेक तुकडा आहे, पूर्ण चित्र फक्त त्याच्याकडे. पाच रकाने पुरतात: तारीख, एकूण चेंडू (वॉर्मअप, नो-बॉल, वाइड धरून), जोर १० पैकी किती, जमीन कशी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ कशी होती. जमिनीचा रकाना गाळू नका. सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर पुढचा पाय आदळणं आणि गवतावर आदळणं यांत फरक आहे. पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहापट जोर क्षणभर येतो, कधी त्याहूनही जास्त.

वहीत हमखास निसटणारी नोंद म्हणजे मुख्य संघाचं नेट. नव्या मुलाला फलंदाज 'अजून दोन टाक' म्हणतात आणि तो नाही म्हणू शकत नाही. अशा दोन-दोनचे चाळीस होतात. किती टाकायचे ते नेट सुरू होण्याआधी फिजिओकडून ठरवून घ्यावं आणि आकडा संपला की फिजिओनेच बाहेर बोलवावं.

नवा_चेंडू:
धन्यवाद, खूप उपयोगी. एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहायला हवी होती. १३० च्या आठवड्यानंतर कमरेत डाव्या बाजूला दुखत होतं. टाकताना कमी, संध्याकाळी जास्त, दोन दिवसांत गेलं. एक्स-रे स्वच्छ आला. एका संघाचं म्हणणं, स्नायू धरलाय, गोळी घेऊन खेळ.

आखूड_टप्पा:
मग वरचा सगळा हिशोब तूर्त बाजूला ठेवा आणि त्याची गोलंदाजी आजपासून थांबवा.

उजव्या हाताचा गोलंदाज, कमरेत डाव्या बाजूला दुखणं, वय १८. हे हाडाचं दुखणं नाही असं सिद्ध होईपर्यंत ते हाडाचंच समजायचं. चेंडू सोडताना शरीर मागे वाकतं, डावीकडे कलतं आणि वळतं, तिन्ही एकदम. तो ताण कमरेच्या खालच्या दोन मणक्यांच्या मागच्या भागातल्या अरुंद हाडावर पडतो, बहुतेकदा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. या वयात तिथलं हाड पुरतं भरलेलं नसतं, विशीच्या मध्यापर्यंत ते घट्ट होत राहतं. आधी हाडाला आतून सूज येते, मग बारीक चीर पडते. सुजेच्या टप्प्यावर एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, चीरही पुष्कळदा सुटते. एमआरआय करून घ्या, तोही गोलंदाजांच्या पाठी पाहायची सवय असलेल्या क्रीडावैद्यकाच्या सांगण्यावरून. चीर किती आहे ते बघायला डॉक्टर पुढे सीटी स्कॅन सांगू शकतात.

डाव्या पायावर उभं राहून मागे वाकल्यावर त्याच जागी दुखतंय का, हे फिजिओला तपासू द्या. दुखलं तर संशय वाढतो. नाही दुखलं तरी एमआरआय टाळायचा नाही. त्या चाचणीवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. दोन दिवसांत दुखणं गेलं यानेही काही सिद्ध होत नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याने ६०च चेंडू टाकले आणि त्यानंतरचा आठवडा शून्याचा होता. गोळीने फक्त इशारा बंद होतो.

सूज असताना पकडलं तर काही महिन्यांचा प्रश्न असतो. पूर्ण चीर पडली तर मोसम जातो, आणि परत परत झालं तर वर्षं जातात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स याने नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला १८व्या वर्षी पदार्पणाच्या कसोटीत दुसऱ्या डावात ६ बळी घेतले. त्याची पुढची कसोटी मार्च २०१७ मध्ये, रांचीला. मधल्या काळात पाठीच्या दुखापतींनी त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. त्याच्या मागे मोठ्या मंडळाची वैद्यकीय फौज होती, हेही लक्षात घ्या.

थांबलेल्या काळात ॲक्शनचं चित्रण बघा. मोबाइल तिवईवर, कमरेच्या उंचीवर, शक्य तितक्या स्लो मोशनमध्ये. एकदा मागून, एकदा बाजूने. मागचा पाय टेकतो त्या क्षणी कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का ते पाहा. कंबर समोर आणि खांदे आडवे अशी मिश्र ॲक्शन असेल, तर पुढचा पाय टेकेपर्यंत खांदे आणखी मागे फिरतात. हे फिरणं ३० अंशांच्या वर गेलेल्यांत पाठीच्या दुखापती जास्त आढळतात. नेमके अंश मोबाइलवर मोजता येत नाहीत, पण ढोबळ गडबड दिसते. बदल करायचाच तर मोसम संपल्यावर, सात-आठ आठवडे देऊन, कमी चेंडूंवर. चालू मोसमात पाय इकडे, हात तिकडे करायला लावणाऱ्यापासून मुलाला लांब ठेवा.

थर्डमॅन:
आखूड_टप्पा यांच्याशी पूर्ण सहमत. दुखण्याची माहिती आधी असती तर मी सामन्याची योजना दिलीच नसती. ती रद्द समजा.

परतीबद्दल थोडं. डॉक्टरांनी गोलंदाजीला परवानगी दिल्यावरच सुरुवात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड १२ ते १८ चेंडू, दोन-चार पावलांवरून, अर्ध्या जोराने. मग अर्धा रनअप, मग पूर्ण. चेंडूंची संख्या आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. एका आठवड्यात संख्या, पुढच्यात जोर. सलग दोन दिवस टाकणं सगळ्यात शेवटी. पहिले सामने टी-२० चे असले तरी नेटमधला आकडा चढता ठेवा. सामन्यातल्या २४ चेंडूंवर पोसलेली पाठ लगेच चार दिवसांच्या सामन्याला पुरत नाही.

करार केलेल्या संघाला एमआरआयबद्दल मुलाने लेखी कळवावं, तोंडी नको. आणि एमआरआय होईपर्यंत त्याला नेटमध्ये 'नुसता उभा राहा' म्हणूनही पाठवू नका. चेंडू समोर पडलेला दिसला की तो टाकणारच.