अंजन नेमकं कोणाला?
‘आध्यात्मिक आंधळेपण हा विश्वास न ठेवणाऱ्यांचा प्रश्न, तारण (पापातून सुटका) झालेल्याचे डोळे उघडलेलेच असतात’ असं म्हणतात, ते मला पटलं नाही. बायबलमधल्या प्रकटीकरण ३:१७ मधला ‘आंधळा’ हा शब्द मंडळीलाच, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्यांच्या समुदायालाच उद्देशून आहे, तोही लावदिकीया शहरातल्या. हे श्रीमंत शहर इ.स. ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलेलं. डोळ्यांच्या औषधासाठीही त्या भागाचं नाव होतं, आणि नेमकं त्यांनाच येशू सांगतो की माझ्याकडून अंजन विकत घे! ‘मला कशाची उणीव नाही’ हेच तिथलं दुखणं.

माझ्यापुरतं सांगतो. मी प्रार्थनेची वही ठेवतो. एकदा बायकोने मागची पानं चाळून विचारलं, “यात तुझ्या भावाचं नाव कुठे आहे?” वर्षभरात एकदाही नव्हतं. (भांडण झालं होतं, फार मोठं नव्हे.) बायबलमधलं वचन रोज वाचत होतो, क्षमेवर मंडळीत संदेशही दिला होता, त्याचे मुद्दे त्याच वहीत! दिसलं म्हणून लगेच सगळं निवळलं असंही नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, ८ व्या अध्यायात, बेथसैदा गावातल्या आंधळ्याला आधी माणसं चालत्या झाडांसारखी दिसली, येशूला दुसऱ्यांदा हात ठेवावे लागले. भावाला फोन केला तेव्हा अर्धा वेळ मी त्याचीच चूक त्याला समजावत होतो. माफी मागितली ती दुसऱ्या फोनवर, तीन आठवड्यांनी.