हिस्टामिन चेतवते आणि आवरतेही

हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीच्या वेळी शरीरात स्रवणारे रसायन, रोगप्रतिकारक पेशींना केवळ चेतवते, हे मत मला अपुरे वाटते. पेशीवर एच१ ते एच४ यांपैकी कोणता ग्राही (हिस्टामिन ज्याला जोडले जाते ते प्रथिन) आहे, यावर सारे अवलंबून असते. मानवी मोनोसाइटवरील (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीवरील) एच२ ग्राही उद्दीपित झाला की पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, दाह वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-१२ या प्रथिनाचे उत्पादन घटते आणि दाह शमवणाऱ्या इंटरल्यूकिन-१० चे वाढते. म्हणजे दाह भडकण्याऐवजी आवरला जातो. एच४ मुळे मात्र इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी दाहाच्या जागी ओढल्या जातात. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीवरची नेहमीची औषधे एच१ लाच अडवतात, हे अशा चर्चांत सहसा निसटते. एच२ च्या याच दमनकारी गुणाचा उपयोग युरोपात तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात करण्यात आला: रोगप्रतिकारक पेशींना चेतवणाऱ्या इंटरल्यूकिन-२ सोबत दिलेले हिस्टामिन मायलॉइड पेशींतील (मोनोसाइटसारख्या पांढऱ्या रक्तपेशींतील) एनके पेशींना घातक अशा ऑक्सिजन-मूलकांची निर्मिती रोखते, त्यामुळे कर्करोगपेशींना मारणाऱ्या या एनके (नॅचरल किलर) पेशी कार्यक्षम राहतात.