मदत हवी आहे: टूर रद्द केली तर ट्रॅव्हल इन्शुरन्समधून पैसे मिळतात का? (अर्जंट)

सांजवात: नमस्कार, आमची २२ तारखेची युरोप टूर आहे, दोघांचे पूर्ण पैसे भरून झालेत, व्हिसाही आला आणि परवा रात्री आईंना छातीत दुखायला लागलं म्हणून मिरजेला नेलं. डॉक्टर अँजिओग्राफी करायची म्हणतायत. टूरवाले म्हणतात आता काही परत मिळणार नाही, इन्शुरन्स बघा. मिळतात का पैसे? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, उद्या त्यांना कळवायचंय.

माळ्यावरचा_ट्रंक: कोणता प्लॅन? कधी घेतला? तुम्ही काढला की टूरवाल्यांनी? पेशंट अॅडमिट आहे की नुसतं दाखवून आणलं? यातलं काहीच लिहिलं नाहीये, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

सांजवात: सॉरी, डोकं ठिकाणावर नाहीये. अॅडमिट आहेत, आयसीयूत. पॉलिसी टूरवाल्यांनीच व्हिसासाठी काढून दिली मागच्या महिन्यात. ३०,००० युरोचं कव्हर आहे, म्हणजे टूरचे पैसे त्यात आरामात बसतात ना?

माळ्यावरचा_ट्रंक: नाही हो. ते ३०,००० युरो शेंगेन व्हिसाला कमीत कमी लागतात म्हणून असतात आणि ते तुम्ही तिकडे आजारी पडलात तर दवाखान्याचे. इथे घरी कोण आजारी पडलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये (काय काय कव्हर आहे त्याच्या तक्त्यात) 'ट्रिप कॅन्सलेशन' अशी वेगळी ओळ आहे का बघा. व्हिसापुरत्या स्वस्तातल्या प्लॅनमध्ये बऱ्याचदा ती नसतेच.

जर्सी_सिटीकर: इकडे अमेरिकेत टूरचा पहिला हप्ता भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली तर बरेच प्लॅन जुन्या आजाराची अट माफ करतात. आणि आईबाबांना इकडे आणणार असाल तर व्हिजिटर इन्शुरन्स घेताना 'अॅक्यूट ऑनसेट' (जुना आजार अचानक उसळला तर कव्हर) नक्की बघा, माझ्या सासऱ्यांच्या वेळी

माळ्यावरचा_ट्रंक: अहो त्या युरोपला चालल्यात, तेही मिरजेहून.

जर्सी_सिटीकर: माहिती दिली, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एवढं चिडायला काय झालं?

कैरीचं_पन्हं: एक विचारू? 'आईंना' लिहिलंय म्हणजे सासूबाई ना? स्वतःची आई असती तर 'आईला' लिहिलं असतं.

सांजवात: हो सासूबाई. त्याने काय फरक पडतो? आमच्यात मी आईच म्हणते.

कैरीचं_पन्हं: तुम्ही म्हणता हो, कंपनी म्हणत नाही. 'इमिजिएट फॅमिली'त कोण धरलंय ते प्रत्येक पॉलिसीच्या व्याख्येत वेगळं असतं. कुठे सासू-सासरे असतात, कुठे नुसते नवरा-बायको, मुलं आणि स्वतःचे आईवडील. तुमच्या मिस्टरांची पॉलिसी वेगळी असेल तर त्यांच्या क्लेमला त्या आईच आहेत, तुमच्या क्लेमला कदाचित कुणीच नाहीत. व्याख्येचं पान काढून वाचा.

तात्या_कोरेगावकर: सासूबाईंचं वय काय? ७० च्या पुढे असेल तर आयुष्मान कार्ड काढून टाका, ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत. फक्त दवाखाना त्या यादीतला पाहिजे.

माळ्यावरचा_ट्रंक: तात्या, प्रश्न टूरचा आहे.

सांजवात: ७२ आहे. कार्ड नाही काढलेलं, ह्यांना आत्ताच विचारायला पाठवते काउंटरवर. थँक्यू तात्या. पॉलिसीत 'कम्पॅशनेट व्हिजिट' असंही लिहिलंय, ते आईंसाठीच असेल ना?

कैरीचं_पन्हं: उलटं आहे ते. तुम्ही तिकडे दवाखान्यात पडलात तर घरचं कुणी तुमच्याकडे येणार, त्याचा खर्च.

धडाकेबाज_८१: सोपा उपाय सांगतो. जुना आजार दिसला की क्लेम नाकारतात, म्हणून डॉक्टर ओळखीचे असतील तर डिस्चार्ज कार्डवर बीपी-शुगर लिहू नका म्हणावं. पहिल्यांदाच दुखलं एवढंच. क्लेम पास.

कैरीचं_पन्हं: असले सल्ले देऊ नका. माझ्या दिराचा क्लेम याच एका ओळीवर गेला. वडिलांच्या कार्डवर सगळ्यात वर 'के/सी/ओ एचटीएन, १० वर्षे' लिहिलेलं, म्हणजे बीपीचा जुना पेशंट, आणि कंपनीने तेवढीच ओळ पिवळ्या पेनाने रंगवून परत पाठवली. पण लपवलं असतं तर? केमिस्टची बिलं, जुने ईसीजी, सगळं मागतात ते. मग क्लेमही गेला असता आणि डॉक्टरही अडकले असते. सांजवात, सासूबाईंना गोळ्या चालू आहेत का आधीपासून?

सांजवात: बीपीची, ८ वर्षं झाली. रोज सकाळी चहाआधी. एवढ्याशा गोळीने पण?

कैरीचं_पन्हं: आडवी येऊ शकते. तरी क्लेम टाकाच. बीपी म्हणजे हार्टचा आजार नव्हे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि 'पेशंटजवळ मुलाने थांबणं गरजेचं' असंही पत्र घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही.

धडाकेबाज_८१: करा मग वर्षभर पत्रव्यवहार 😄

शिळी_भाकरी: टूरवर टीसीएस (पैसे भरतानाच घेतात तो इन्कम टॅक्स) कापला असेल ना, तो रिटर्न भरताना घ्यायला विसरू नका.

सांजवात: अपडेट. एक ब्लॉकेज होतं, स्टेंट टाकला, आई आता वॉर्डात आहेत. आयुष्मानचं काम चालू आहे. पॉलिसी वाचली रात्री बसून. ट्रिप कॅन्सलेशन आहे पण फक्त ५०० डॉलर, आणि व्याख्येत सासू-सासरे नाहीत, म्हणजे ह्यांचा क्लेम टाकता येईल, माझा नाही. टूरवाले आता म्हणतात दोघांना सप्टेंबरच्या बॅचला बसवतो, फरक भरा. पण व्हिसा तोवर संपतोय, तो परत काढायचा म्हणजे माणशी ९० युरो परत. शिवाय नवी पॉलिसी. तेव्हा आईंजवळ कोण, ते अजून ठरलं नाही. नणंद नागपूरला असते.

माळ्यावरचा_ट्रंक: सप्टेंबर घ्या, पण ते ईमेलवर मागा, फोनवरचं नको. आणि या वेळी पॉलिसी स्वतः काढा, सासू-सासरे व्याख्येत आहेत ते बघून.

जर्सी_सिटीकर: सप्टेंबरला स्वित्झर्लंडला वर डोंगरात थंडी असते, थर्मल न्या.