स्वतंत्र व्यवसाय: पहिल्या भेटीतली छाप आणि ॲडव्हान्सचे पैसे

प्रश्न (नाशिक)
नऊ वर्षांची नोकरी सोडून मी एप्रिलपासून घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे स्वतंत्रपणे घेऊ लागलो आहे. गंगापूर रोडवर कार्यालय नसेल तर पहिल्याच भेटीत ग्राहक मला नवखा समजेल, अशी धास्ती वाटते. शिवाय ॲडव्हान्स घरखर्चाच्याच खात्यात जमा होत असल्यामुळे महिनाअखेरीस माझी खरी कमाई किती, हे सांगता येत नाही. कार्यालय भाड्याने घ्यावे का?

उत्तर (ठाणे)
तूर्त घेऊ नका. आपली पहिली भेट बहुधा ग्राहकाच्या घरीच होते. तिथे तुम्ही वेळेवर पोहोचता का, टेप काढून स्वतः मापे घेता का, स्वयंपाक कोण करते आणि त्या व्यक्तीला ओट्याची किती उंची सोयीची आहे हे विचारता का, यावरून ते तुम्हाला जोखतात. सुरुवातीला फी विचारली की मी संकोचाने "तुम्हीच समजून द्या" म्हणत असे. अशाच एका ग्राहकाने शेवटपर्यंत घासाघीस केली आणि अखेरचा हप्ता आलाच नाही. तेव्हापासून फीचा आकडा मी पहिल्या भेटीतच सांगते आणि डिझाइन फी, साहित्य व मजुरी वेगवेगळी दाखवणारे कोटेशन कबूल केलेल्या दिवशी पाठवते.

उत्तर (पुणे, करसल्लागार)
साहित्य वेगळे दाखवण्याचा मुद्दा फार मोलाचा आहे. प्लायवूड आणि हार्डवेअरसाठी आलेली रक्कम तुमची कमाई नव्हे. शक्यतो दुकानदाराचे बिल ग्राहकाच्या नावे करून पैसे त्यानेच थेट भरावेत. ते तुमच्या बिलातून फिरले, तर जमा रक्कम फुगते आणि सेवांसाठीची जीएसटी नोंदणीची वार्षिक २० लाखांची मर्यादा अकारण जवळ येते. व्यवसायाचे खाते वेगळे ठेवा आणि त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला घरखात्यात ठरावीक रक्कमच वळती करा, मग तो महिना कितीही भरभराटीचा असो. अंतर्गत सजावट हा अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बसणारा व्यवसाय आहे: एकूण जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न धरले जाते आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. म्हणूनच प्रत्येक फीतून कराचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढावा, नाहीतर मार्चमध्ये उसनवारी करावी लागते.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
कंपन्यांची कामे घेणार असाल तर उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करा. ती विनामूल्य आहे. अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, करारात जास्त मुदत लिहिली असली तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. कार्यालयाचा विचार सोडला. मात्र दोन ग्राहकांकडून फी आणि साहित्याची एकत्रित रक्कम आधीच घेतली आहे. त्यांचे काय करावे?

उत्तर (पुणे, करसल्लागार)
आजवरच्या खर्चाचा हिशेब बिलांसह दोघांनाही लेखी पाठवा आणि उरलेल्या साहित्याची रक्कम नव्या खात्यात वळवा. त्यांनी मागण्याआधी पाठवा.