तीन सेंटिमीटरवरून सिझर ठरत नाही

ताई, तुमच्या बहिणीच्या गर्भाशयाचं तोंड सकाळपासून 3 सेंटिमीटरच उघडलंय म्हणून ‘आता सिझरच’ असं तिच्या सासूबाईंनी ठरवून टाकू नये. पहिलटकरणीच्या कळांचा सुरुवातीचा टप्पा बऱ्याचदा लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कळांचा खरा जोर 5 सेंटिमीटरपासून धरला, आणि तासाला 1 सेंटिमीटर उघडायलाच हवं हा जुना हिशेब सरसकट लावू नका असंही सांगितलं. इथे कोल्हापुरात लेबर रूमबाहेर डबा घेऊन बसलेले नातेवाईक आम्हा नर्सना सारखं ‘किती उघडलं?’ एवढंच विचारतात. बाळाचे ठोके कसे आहेत, डोकं किती खाली आलंय, बाळाभोवतीचं पाणी हिरवट आहे का, हेही विचारा ना! ठोके बिघडले आणि डॉक्टरांनी सिझर सांगितलं, तर मात्र संमतीच्या सहीला उशीर नको. तोवर डॉक्टरांना विचारून तिला चालू द्या, कमरेवर हात फिरवा.