शिकारीची रायफल विमानात: 'सोपं' म्हणणाऱ्यांना उत्तर

उजळाईवाडीकर
परवा इथं एका सदस्यानं नामिबियाला शिकारीसाठी स्वतःची रायफल विमानातून नेल्याचं लिहिलं, वर "क्रिकेटचं किट नेण्याइतकं सोपं" म्हणे. डोकंच फिरलं. रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनलाच. काडतुसं नीट पॅक केलेली, माणशी ५ किलोच्या आत, दोघांची मिळून एका पेटीत १० किलो चालत नाहीत. विमान कंपनीची मंजुरी आधी. इथून न्यायची आणि परत आणायची परवानगी वेगळी. वाटेत दक्षिण आफ्रिकेत उतरलात तर बंदूक तात्पुरती आणण्यासाठी तिथल्या पोलिसांचा एसएपीएस ५२० फॉर्म. हे 'सोपं' वाचून एखादं पोरगं जुन्या पिशवीच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस घेऊन एक्सरेला जाईल आणि आर्म्स ॲक्टखाली अडकेल. माझं मत स्पष्ट आहे: प्रवासी विमानात बंदूक चढूच देऊ नये. १९७२ च्या कायद्यानं इथं शिकार बंद झाली, म्हणून बाहेर जाऊन हौस भागवायची?

रेंजवरची आई
"चढूच देऊ नये"? दादा, आपण कोल्हापुरात राहतो. आपली नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला. रायफली काय बैलगाडीनं गेल्या? माझ्या लेकीच्या एअर रायफलचा सिलिंडर रिकामा करून, काढून, वेगळा दाखवला, तरी काउंटरवरचा माणूस छर्‍यांच्या डबीला काडतूस म्हणत राहिला. बोर्डिंग बंद व्हायला आलं तेव्हा साहेब आले. पोरगी रडकुंडीला आली होती. तुमच्यासारख्यांच्या मतामुळंच काउंटरवर संशय वाढतो.

नामिबियावाला
सगळी कागदपत्रं होती, म्हणूनच सोपं म्हणालो. तिथं शिकार कोट्यावर चालते आणि पैसा गावांच्या कॉन्झर्व्हन्सीकडं, म्हणजे वन्यप्राणी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेकडं, जातो. आपल्याकडं दाजीपूरचं जंगल संस्थानाच्या शिकारीसाठी राखलं होतं, म्हणूनच १९५८ ला गव्यांचं अभयारण्य करायला काहीतरी शिल्लक होतं.

उजळाईवाडीकर
संस्थान मध्ये आणू नका. याच संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटं धरायचे. आज आहेत का चित्ते कोल्हापुरात?

भुदरगडचा शेतकरी
गव्याचं नाव निघालंच आहे तर ऐका. रात्रीत कळप उसात शिरतो, सकाळी फड आडवा. वनखात्याचा माणूस पंचनाम्याला येईपर्यंत पाला वाळून जातो. पीक राखायला आमच्या घरात परवान्याची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा, आणि नेमकं तेव्हाच पीक उभं असतं. तुम्ही विमानातल्या बंदुकीवर भांडताय, आमची शेतापर्यंत जाईना.

पन्हाळा_पक्षीप्रेमी
म्हणजे गवा मारायचाय? सरळ बोला की.

भुदरगडचा शेतकरी
तोंड सांभाळून बोला. गव्यावर कुणी बार टाकलेला नाही, आवाज काढून हाकलतो. गेल्या पावसाळ्यात गव्यानं चुलत्याला बांधावर उडवलं, अजून काठी घेऊन चालतात. एखाद्या रात्री राखणीला या, मग गव्याचं प्रेम शिकवा.

रेंजवरची आई
अण्णा, तुमचं दुखणं खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. खेळाडूंचा विषय बाजूला पडतोय.

भुदरगडचा शेतकरी
वेगळ्या धाग्यावर कोण येतंय, ताई?

उजळाईवाडीकर
ताई, खेळाडूंपुरता मी थांबतो, त्यांना दुसरा मार्ग नाही. रायफल अंगाला बसवून घेतलेली असते, तिथं भाड्याची चालत नाही हे मान्य. शिकाऱ्याला तर तिथंच रायफल भाड्यानं मिळते. मग घरून न्यायचा हट्ट कशाला?

नामिबियावाला
हाताला बसलेली रायफल शिकाऱ्यालाही लागते. परक्या रायफलीनं नेम चुकला तर जनावर जखमी होऊन तासन्‌तास मरतं. तेवढं 'क्रिकेटचं किट' मागं घेतो, बाकी एक अक्षर नाही.

पन्हाळा_पक्षीप्रेमी
जनावराची एवढी काळजी आहे तर घरी बसा.

भुदरगडचा शेतकरी
पंचनाम्याचे पैसे कुणाला वेळेत मिळालेत का? राधानगरी, चंदगडकडचं कुणी असेल तर कुठल्या ऑफिसला खेटे घातले तेवढं लिहा.